ऐनवेळी नवीन काही सुचत नाही: फंक्शनल फिटनेस स्पर्धेच्या तयारीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या प्रश्नांत एकच विषय परत परत आलाय, स्पर्धा तोंडावर आलीय आणि आता काय करू. कुणी क्रॉसफिटच्या (वजन उचलणं, पुलअपसारखे व्यायाम, पळणं सगळं मिसळून घड्याळावर करायचं) धर्तीवरच्या स्पर्धेत उतरतंय, कुणी हायरॉक्सला नाव नोंदवलंय, कुणी पहिल्यांदाच, कुणी मागच्या वेळचा राग मनात ठेवून. मी स्वतः या स्पर्धा केल्यात, हरलेय पण भरपूर, आणि आता काही वर्षं दुसऱ्यांची तयारी करून घेते. सगळ्यांना उत्तर देताना माझं एक म्हणणं सारखं येणार आहे ते आधीच सांगते, स्पर्धेच्या दिवशी नवीन काही सुचत नाही. दम लागलेला असतो, आजूबाजूला आरडाओरडा चालू असतो, तेव्हा डोकं विचार करायच्या अवस्थेत नसतंच. जे आधी ठरवलेलं आणि घोटून घेतलेलं असतं तेवढंच हातून होतं. म्हणून तयारी फक्त अंगाची नाही, निर्णयांचीही करायची.

प्रश्न: ताई नमस्कार, माझं वय 27, दोन वर्षं ट्रेनिंग चालू आहे. पहिली स्पर्धा आठ आठवड्यांवर आलीय. वर्कआऊट आधी सांगणार नाहीत असं कळलं म्हणून मी सगळंच करून ठेवतोय, आठवड्यातले सहा दिवस, रोज घड्याळ लावून, रोज जीव तोडून. पण तीन आठवड्यांत टायमिंग सुधारायच्या ऐवजी बिघडलंय आणि रात्री झोप पण नीट लागत नाही. काय चुकतंय?

उत्तर: अरे तू रोज परीक्षाच देतोयस, मग अभ्यास कधी करणार? घड्याळ लावून जीव तोडणं म्हणजे परीक्षा, ती आठवड्यात दोनदा पुरे, फार तर तीनदा. बाकीचे दिवस अंग घडवायचे असतात. झोप न लागणं, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद असणं, कालचं वजन आज जड वाटणं, चिडचिड, या सगळ्याचा अर्थ शरीराला मागचं काम पचवायलाच वेळ मिळत नाहीये. आधी चार-पाच दिवस एकदम हलकं कर. घाबरू नकोस, तेवढ्यात काही विसरायला होत नाही.

नंतरचा आठवडा साधारण असा बसव. दोन दिवस ताकद, म्हणजे स्क्वॉट, डेडलिफ्ट, डोक्यावर वजन ढकलणं, तेही नीट आराम घेत. दोन दिवस कडक मिक्स वर्कआऊट. आणि दोन दिवस संथ लांब काम, पळणं, रोइंग, सायकल, जे असेल ते, चाळीस मिनिटं ते तासभर, आणि वेग एवढाच की शेजारच्याशी अख्खी वाक्यं बोलता आली पाहिजेत. पोरं हेच टाळतात कारण त्यात घामाची नशा नसते. पण हिशोब बघ, पूर्ण जोराचं काम साधारण सव्वा मिनिटाच्या पुढे गेलं की अर्ध्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेनेच येते, आणि तुझ्या स्पर्धेतले बहुतेक वर्कआऊट पाच ते वीस मिनिटांचे असणार. दोन इव्हेंटच्या मधे तू किती लवकर सावरतोस तेही याच्यावरच. म्हणजे तू ज्याला टाइमपास समजून सोडून देतोयस तेच खरं भांडवल आहे.

आता वर्कआऊट माहीत नाही त्याचं काय. सगळं थोडं थोडं करून कुणी तयार होत नाही. कागद घे आणि अगदी खरं लिही, कोणती मूव्हमेंट आली नाही तर बरं होईल असं तुला वाटतं? तीच तुझी यादी, दोन किंवा तीन, जास्त नाही. रिच फ्रोनिंगचं उदाहरण मी सगळ्यांना देते. 2010 च्या क्रॉसफिट गेम्समध्ये, म्हणजे क्रॉसफिटच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, हा माणूस जिंकायच्या बेतात होता आणि शेवटी दोरावर चढायचं आलं. ताकद प्रचंड, पण दोर पायांत कसा धरायचा ते येत नव्हतं, नुसत्या हातांवर चढत राहिला, हात संपले, दोरावरून पडला आणि दुसरा आला. मग 2011 ते 2014 सलग चार वर्षं तोच जिंकला. त्याचा दम कमी नव्हता रे, पायाने दोर अडकवायची युक्ती माहीत नव्हती इतकंच. तुझाही असा एखादा दोर असणार. त्याच्यावर आठवड्यात तीनदा, ट्रेनिंगच्या सुरुवातीला अंग ताजं असताना, दहा-पंधरा मिनिटं दे, घड्याळाशिवाय. दमल्यावर केलेला सराव म्हणजे चुकांचा सराव.

आणि शेवटच्या तीन आठवड्यांत दोन वेळा तरी एकाच दिवसात तीन वर्कआऊट कर, मधे दोन-अडीच तास सोडून. पहिला संपला की काय खायचं, कुठे बसायचं, परत वॉर्मअप किती करायचा हे तिथे कळतं. लोक सुटा सुटा एकेक वर्कआऊट मस्त मारतात आणि स्पर्धेत तिसऱ्या इव्हेंटला पाय उचलत नाहीत, कारण हा भाग कधी करूनच बघितलेला नसतो.

प्रश्न: ताई, माझी अडचण अंगाची नाही डोक्याची आहे. जिममध्ये माझं सगळं छान होतं. स्पर्धेत मात्र आदल्या रात्रीपासून पोटात गोळा, हातपाय गार, आणि थ्री टू वन गो झालं की मी अशी सुटते की दोन मिनिटांत संपते. त्यात जजने नो रेप दिला, म्हणजे तो रेप (एक पूर्ण आवृत्ती) धरला नाही, की माझं डोकंच जातं, मग पुढचं सगळं विसकटतं. मागच्या वेळी मधेच उभी राहून रडले. वय 31. हे सुधारतं का की स्वभावच म्हणायचा?

उत्तर: सुधारतं. शंभर टक्के सुधारतं, आणि रडलात म्हणून लाजू नका, त्या मॅटवर माझंही रडून झालंय.

माझा प्रसंग सांगते म्हणजे तुम्हाला कळेल की हे कुठून येतं. वॉलबॉल होते, बॉल छातीशी, खाली बसायचं, उठताना भिंतीवरच्या खुणेवर मारायचा. खूण नऊ फुटांवर होती. मी पहिले तीस न थांबता मारले कारण शेजारची न थांबता मारत होती. एकतिसाव्याला जज म्हणाली नो रेप, खाली पुरेशी बसली नाहीस. मला वाटलं की बसले होते. मी तिच्याकडे बघितलं, वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात बॉल वरून परत आला आणि खांद्यावर आपटून लांब गेला. बॉल आणायला गेले, श्वास तुटला, रागाच्या भरात परत लगेच मारला, तो खुणेच्या खाली लागला. परत नो रेप. एका नो रेपचे दोन झाले आणि वीस-पंचवीस सेकंद गेले. नंतर व्हिडिओ पाहिला तर जजच बरोबर होती, माझी कंबर गुडघ्याच्या वरच राहिली होती. मी तीन चुका केल्या आणि तिन्ही अंगाच्या नव्हत्या. शेजारणीचा वेग घेतला, निकालावर भांडले, आणि श्वास न घेता परत सुरू केलं. तिन्ही ठिकाणी मला आधी ठरवून ठेवता आलं असतं.

आता तुमचं बघू. धडधड आणि गार हात, हे घाबरण्याचं लक्षण आहे असं आपण धरून चालतो, पण शरीर तेव्हा कामालाच लागलेलं असतं, नाडी वाढवतंय, रक्त स्नायूंकडे वळवतंय. आपण त्याला गप्प करायला जातो, शांत हो शांत हो म्हणतो, आणि ते शांत होत नाही म्हणून अजून घाबरतो. 2014 साली ॲलिसन वूड ब्रूक्स या संशोधिकेने गाणं, भाषण, गणित अशा घाबरवणाऱ्या गोष्टींच्या आधी लोकांना वेगवेगळं बोलायला लावून बघितलं. ज्यांनी स्वतःला 'मला उत्साह आलाय' असं सांगितलं त्यांचं काम, 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. ऐकायला पोरकट वाटेल पण करून बघा, तोंडाने म्हणा, अंग तयार झालंय, चला. फार वर गेलं असेल, म्हणजे हात थरथरतायत किंवा ओकारी येतेय, तर श्वास चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, दोन-तीन मिनिटं. बाहेरचा श्वास लांब ठेवला की नाडी खाली येते. एवढंच, एकदम झोपाळल्यासारखं नका करून घेऊ.

पहिल्या दोन मिनिटांचा प्रश्न हा आकड्यांनी सोडवायचा, निश्चयाने नाही. स्टार्ट लाइनवर 'आज सावकाश जाईन' असा निश्चय टिकत नाही कारण गो म्हटल्यावर सगळं हलकंच वाटतं. पण 'पहिला सेट अकराचा' हे टिकतं. फ्रॅन नावाच्या वर्कआऊटचं उदाहरण घ्या, थ्रस्टर (बारबेल खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठताना डोक्यावर ढकलायचं) आणि पुलअप, दोन्ही आधी 21, मग 15, मग 9. सवय नसलेली बाई 21 थ्रस्टर एका दमात मारते, मग पुलअपला लटकून राहते, आणि 15 थ्रस्टरचे चार तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याआधी बारबेलकडे बघत पंधरा सेकंद. त्यापेक्षा 11 आणि 10, मधे तीन श्वास, मग 8 आणि 7, मग 9 एकदम. बारबेल हातून सुटायच्या आधी आपण ठेवायची. तुमच्या आकड्यांचा सराव ट्रेनिंगमध्ये करा आणि तळहातावर पेनाने लिहून ठेवलंत तरी चालेल, मी अजून लिहिते.

नो रेपसाठी 'असं झालं तर हे करायचं' अशी जोडी पक्की करायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी 1990 च्या दशकात यावर पुष्कळ काम केलं. नुसतं ध्येय ठेवण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलेली माणसं ते जास्त करतात, कारण ऐनवेळी निवड करायची राहतच नाही. तुमची जोडी अशी करा, नो रेप ऐकला की एक श्वास पूर्ण बाहेर, तोंडाने 'पुढचा', आणि पुढचा रेप मुद्दाम खोल. जजकडे बघायचंच नाही. मग जिममध्ये मैत्रिणीला जज करा आणि तिला सांगून ठेवा की मधेच, माझा रेप बरोबर असला तरी, दोन-तीन खोटे नो रेप दे. पहिल्यांदा भयंकर राग येतो. चौथ्या-पाचव्या वेळी तुम्ही न बोलता श्वास सोडून पुढचा मारता. ते झालं की तयारी झाली समजा.

झोपण्याआधी डोळे मिटून वर्कआऊट डोक्यात चालवायची सवय लावा, पण फक्त जिंकल्याचं सुखाचं चित्र नको हो. दोरी पायात अडकली, बारबेल शेजारच्या लेनमध्ये घरंगळली, शेजारची पुढे गेली, हे सगळं बघा आणि त्यातून तुम्ही काय करताय तेही बघा. आणि आदल्या रात्री झोप नाही लागली तर नाही लागली, पडून राहा. एका रात्रीने फारसं बिघडत नाही, त्याआधीच्या आठवडाभराची झोप महत्त्वाची, ती सांभाळा.

प्रश्न: सर/मॅडम, मी मूळचा रनर, 10 किलोमीटर 48 मिनिटांत करतो म्हणून हायरॉक्स सोपं जाईल असं वाटलं होतं. मित्रांसोबत सराव म्हणून अर्धी करून पाहिली तर स्लेडनंतर पायांचं लाकूड झालं, पुढचे किलोमीटर चालतच गेलो. वय 35.

उत्तर: ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हायरॉक्स 2017 मध्ये जर्मनीत सुरू झालं आणि त्याची खासियत ही की सगळीकडे कोर्स तोच. एक किलोमीटर पळायचं, एक स्टेशन, असं आठ वेळा. स्की मशीन 1000 मीटर, स्लेड, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, ढकलणं 50, ती ओढणं 50, बर्पी (छाती जमिनीला टेकवून उठायचं) करत लांब उड्या 80, रोइंग 1000, दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं 200, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन लंजेस (एकेक पाय पुढे टाकत गुडघा टेकवत चालणं) 100 मीटर, आणि शेवटी 100 वॉलबॉल. पुरुषांच्या ओपन गटात ढकलायची स्लेड तिच्या स्वतःच्या वजनासकट 152 किलोची, बायकांची 102. म्हणजे सगळं आधीच माहीत आहे, याच्याइतकं ठरवून ठेवता येणारं दुसरं काही नाही.

तुमचं पळणं उत्तम आहे पण ते ताज्या पायांचं आहे. इथे प्रत्येक किलोमीटर शिणलेल्या पायांनी पळायचा असतो आणि त्याचा सराव वेगळाच करावा लागतो. आठवड्यात एकदा असं करा, 600 ते 800 मीटर पळणं, लगेच लंजेस किंवा जड स्लेड, लगेच परत पळणं, पाच-सहा फेऱ्या. पहिले दोनशे मीटर पाय आपले वाटतच नाहीत, तेव्हा पावलं छोटी ठेवून नुसतं पळत राहायचं, वेग आपोआप येतो. शिवाय दोन दिवस पायांची ताकद, रनर लोक ही टाळतात. ढकलताना कंबर खाली, हात एकतर सरळ ताठ नाहीतर कोपर पूर्ण दुमडून खांदा दांड्याला, मधलं अर्धवट नाही, आणि छोटी पावलं न थांबता, कारण थांबलेली स्लेड परत हलवायलाच सगळी ताकद जाते. ओढताना दंडाने ओढू नका, दोर धरून अंग मागे टाका आणि मागे चालत जा. आणि पहिला किलोमीटर तुमच्या 10 किलोमीटरच्या वेगापेक्षा पंधरा-वीस सेकंद हळू. सगळे पुढे जातील, जाऊ द्या, चौथ्या स्टेशननंतर भेटतातच.

प्रश्न: दोन महिन्यांच्या गॅपनंतर परवा मित्रांबरोबर मर्फ नावाचा मोठा वर्कआऊट केला, पुलअप पूर्ण 100 मारले. आज हात कोपरातून सरळ होत नाहीत, दंड सुजलेत आणि लघवी चहासारखी गडद होतेय. मित्र म्हणतात भरपूर पाणी पी, होईल कमी. स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे, उद्या हलकं ट्रेनिंग करू का?

उत्तर: हा प्रश्न वाचल्या वाचल्या याला मी वेगळं उत्तर आधीच पाठवलंय, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायू इतके फाटतात की आतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात येतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. तीन खुणा लक्षात ठेवा, नेहमीच्या अंगदुखीपेक्षा भलतीच जास्त दुखणं, सूज आणि ताकद जाणं, आणि चहा किंवा कोलासारखी गडद लघवी. तिन्ही एकदम असायची वाट बघायची नाही. डॉक्टर रक्तात सीके, म्हणजे स्नायू फाटले की वाढणारं एन्झाइम, तपासतात आणि गरज असेल तर शिरेतून सलाइन देतात. घरी बसून पाणी पिणं हा उपाय नाही, आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच नका घेऊ, मूत्रपिंडावर अजून भार येतो.

मर्फ म्हणजे एक मैल पळणं, 100 पुलअप, 200 पुशअप, 300 स्क्वॉट, परत एक मैल, जमलं तर साधारण 9 किलोचं जॅकेट घालून. हे वाईट नाही, पण गॅपनंतर परत यायचा हा रस्ता नाही. मला याची फार चिंता वाटते, कारण हे नवशिक्यांना कमी आणि पूर्वी तंदुरुस्त असलेल्यांना जास्त होताना दिसतं. दम टिकलेला असतो, जिद्द टिकलेली असते, पण स्नायूंची सवय गेलेली असते, आणि जिद्द त्यांना नको तिथे घेऊन जाते. गॅपनंतर पहिला आठवडा पूर्वीच्या निम्म्यापेक्षाही कमी, मग हळूहळू. खाली येताना ताण पडणाऱ्या गोष्टी, झोका देऊन मारायचे पुलअप, खोल वाकायचे मशीनवरचे सिटअप, यांचे आकडे तर अगदी थेंबाथेंबाने वाढवा. आणि ही स्पर्धा सोडा. परत कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील.

प्रश्न: ताई, मी 24 वर्षांची. पुलअप आणि दोरीसाठी वजन कमी केलं, सहा किलो उतरलं आणि सुरुवातीला खरंच फायदा झाला. आता चार महिने पाळी आली नाहीये. ग्रुपमधल्या एकीने सांगितलं की जास्त ट्रेनिंग करणाऱ्या मुलींचं असं होतंच, म्हणजे आपण फिट आहोत. खरं का?

उत्तर: नाही गं. हे ऐकलं की माझा जीव तुटतो कारण मलाही माझ्या वेळी असंच सांगितलं होतं. पाळी बंद होणं म्हणजे शरीराने खर्च कमी करायला काढलाय, तू खातेस त्यापेक्षा ट्रेनिंगला जास्त जातंय, म्हणून ज्याच्यावाचून आत्ता भागेल ते त्याने बंद केलं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये याला रेड-एस, म्हणजे खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडणं, असं नाव दिलं, आणि हे मुलींपुरतं नाही, मुलांनाही होतं. हाडं ठिसूळ होतात, बारीक फ्रॅक्चर होतात, सर्दीखोकला सुटत नाही, झोप आणि मूड बिघडतो, आणि ज्या कामगिरीसाठी एवढं केलं तीच काही महिन्यांत घसरते. सुरुवातीचा फायदा खरा होता, पण तो उसना होता.

तीन महिने पाळी नाही म्हणजे डॉक्टर, हा नियम समज, आणि तू चार महिन्यांवर आहेस. गरोदरपण, थायरॉइड, पीसीओएस असं दुसरं काही नाही ना हेही तपासावं लागतं. खाणं वाढव, विशेषतः ट्रेनिंगच्या आधी आणि नंतर, आणि शक्य असेल तर खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या आहारतज्ज्ञाला भेट. स्पर्धा करायची की नाही ते तपासण्या झाल्यावर ठरव, आधी नको. आणि त्या मैत्रिणीलाही सांग, कदाचित तीही गप्प बसून सोसत असेल.

प्रश्न: शेवटच्या आठवड्यात आराम करायचा की नाही? कोच म्हणतो कमी कर, मला वाटतं हातचं जाईल. आणि स्पर्धेच्या दिवशी कॉफी, खाणं, हात फाटणं याबद्दल थोडक्यात सांगा.

उत्तर: कोचचं ऐका. शेवटच्या आठ ते चौदा दिवसांत कामाचं प्रमाण साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी करायचं पण जोर कमी करायचा नाही. दहा सेटऐवजी पाच, पण त्याच वजनाचे, त्याच वेगाचे. लोक उलटं करतात, सगळंच संथ करतात आणि मग स्पर्धेत अंग सुस्त वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय जड वाटतील, उगाच कुठेतरी दुखल्यासारखं होईल, ते येतं आणि जातं. त्या घाबरटपणात एखादा कडक वर्कआऊट मारून बघू नका.

कॉफीतलं कॅफीन वजनाच्या किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम, साधारण तासभर आधी, इतकं उपयोगी पडतं, पण नेहमी पीत नसाल तर त्या दिवशी सुरुवात नको आणि सुरुवातीला कमीच. तीन-एक तास आधी पोटभर, ओळखीचं, पिष्टमय जास्त आणि तेलकट व तंतुमय कमी. इव्हेंटच्या मधे दर वेळी थोडं थोडं, भूक नसली तरी, आणि पाण्याबरोबर थोडं मीठ. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं असतं, रक्तातलं सोडियम खाली जातं.

हातांचं काम दोन आठवडे आधीपासून. अंघोळीनंतर घट्टे मऊ असतात तेव्हा घासून सपाट ठेवा, उंच आलेला घट्टाच बारमध्ये अडकून सालासकट निघतो. चॉक, म्हणजे पकडीसाठी हाताला लावायची पांढरी पावडर, बेताने, जास्त चॉकने कातडी कोरडी पडून जास्त फाटते. फाटलंच तर धुवा, लोंबणारी कातडी स्वच्छ कात्रीने कापा, टेप लावा. टेप लावून बार धरायची सवय आधी करून ठेवा, अंगठ्यापासून मनगटापर्यंत कशी गुंडाळायची हे स्पर्धेच्या सकाळी शिकायची गोष्ट नाही.

प्रश्न: मॅडम, माझं वय 46. मुलीच्या आग्रहाने स्पर्धेत नाव दिलंय. ट्रेनिंग व्यवस्थित चालू आहे पण रोज मनात येतं की आपण शेवटच्या येणार आणि सगळे बघत असणार, नाव मागे घ्यावं का?

उत्तर: नाही, नाव नका मागे घेऊ. आणि शेवटच्या याल की नाही ते मला सांगता येणार नाही, येऊ शकता, मी आलेय. तेव्हा काय होतं ते सांगते. बाकीच्यांचं संपलेलं असतं, हॉलमधला आवाज क्षणभर कमी होतो आणि वाटतं आता जमीन पोटात घेईल तर बरं. मग ज्यांचं संपलंय त्यातलीच एखादी, अजून धापा टाकत, तुमच्या लेनच्या कडेला येऊन उभी राहते आणि तुमचे रेप मोठ्याने मोजायला लागते. मग दुसरी येते. ज्या अनोळखी बाईने माझे शेवटचे बारा बर्पी मोजले होते तिचा चेहरा मला अजून आठवतो, त्या दिवशी पहिलं कोण आलं ते आठवत नाही.

वयोगट आहे का ते बघा, क्रॉसफिटमध्ये मास्टर्स गट 35 पासूनच सुरू होतात. नसेल तर स्केल्ड, म्हणजे कमी वजनाच्या, गटात नाव आहे ना एवढी खात्री करा, त्यात कमीपणा नाही, ते वजन तुमच्यासाठीच ठेवलेलं असतं. वॉर्मअपला तरुणांपेक्षा दहा मिनिटं जास्त द्या, आणि दोन कडक दिवसांच्या मधे एक ऐवजी दोन दिवस सोडा. लक्ष्य नंबराचं ठेवू नका कारण ते दुसऱ्यांच्या हातात असतं. तीन गोष्टी लिहा ज्या फक्त तुमच्या हातात आहेत. उदाहरणार्थ, पहिला सेट ठरवलेल्या आकड्यावर तोडीन, बारबेल ठेवल्यावर तीन श्वासांत परत उचलीन, शेवटच्या मिनिटाला पाय थांबणार नाहीत. कागद मुलीकडे द्या आणि वर्कआऊट झाल्यावर तिलाच विचारा, या तीनपैकी किती झाल्या. स्टेजच्या जवळ नको, तुमच्या लेनच्या टोकाला उभी राहा म्हणावं, आणि वेळ सांगू नकोस, फक्त श्वास सोड एवढंच ओरड.